पत्र्यावर न तापवलेला मेंदू

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला अफ्राकोमा माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात पाण्याची पिशवी होती. अफ्राकोमा गाड्यांचे जुने सुटे भाग विकते. कुमासीच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, तिचं दुकान माझ्या शेडपासून चौथं. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे गप्प अशी कधी आली नव्हती.

"मास्टर, आधी बस," ती म्हणाली. "पाणी पी."

आमच्याकडे बातमीच्या आधी पाणी देतात. बातमी चांगली असली तरी देतात. पण चांगली बातमी आणलेला माणूस पाणी देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. अफ्राकोमा माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होती. मी पिशवीचा कोपरा दातांनी फोडला, दोन घोट प्यालो आणि विचारलं, "कोनादू?"

"माम्पाँगच्या घाटात. एजुराच्या बाजाराहून परत येताना. गाडी गटारात आडवी झाली आणि मागची कोनफळं सगळी पुढे आली. तिच्या अंगावर."

"अट्टा?"

"त्याचा हात मोडलाय," ती म्हणाली. "तो आहे."

यानंतर माणूस रडतो, ओरडतो, निदान कुठे ठेवलंय असं तरी विचारतो. मी विचारलं, "इंजिन बंद पडलं होतं का?"

अफ्राकोमाने तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. "बायको गेली तुझी," ती म्हणाली, "आणि इंजिनाचं काय विचारतोस?"

मी उरलेलं पाणी प्यालो.

मी असं का विचारलं ते आधी सांगतो.

कोनादूचा कोनफळांचा धंदा होता. दर सोमवारी ती तिच्या पांढऱ्या व्हॅनमधून एजुराला जायची, माल भरायची आणि दुपारी कुमासीला परतायची. गाडी अट्टा चालवायचा. अट्टा पन्नाशीचा, नऊ वर्षं तिच्याकडे होता. त्या महिन्यात गाडी तीनदा वाटेत बंद पडली होती. तिन्ही वेळा ऊन वर आल्यावर, माल भरलेला असताना. अर्धा तास थांबलं की परत सुरू व्हायची, काही झालंच नाही अशी.

मी मॅगझीनमध्ये गाड्यांची वायरिंग आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनिकचं काम करतो. अशी गाडी फिटरला सगळ्यात जास्त छळते, कारण ती त्याच्यासमोर आजारी पडत नाही. मी पेट्रोलचा पंप तपासला, दाब बरोबर होता. क्रँकचा सेन्सर बदलला. तरी पुन्हा बंद पडली. तेव्हा मी अट्टाला स्कॅनर दिला आणि म्हणालो, "पुढच्या वेळी बंद पडली की हा लाव, आणि काय दिसतं ते फोनवर सांग." त्याचा फोन आला, "मास्टर, काहीच दिसत नाही. यंत्र म्हणतंय, समोर कोणी नाही."

म्हणजे दोष पंपात नव्हता, सेन्सरात नव्हता. इंजिन चालवणारा कंट्रोलचा डबाच मरत होता. आम्ही त्याला मेंदू म्हणतो. मेंदू बेशुद्ध झाला की स्कॅनरशी बोलणार कोण?

तसा दुसरा मेंदू अफ्राकोमाच्या फळीवर होता. पण चावीची ओळख नव्या डब्यात उतरवून तो जुळवायला मला अर्धा दिवस लागला असता. शिवाय आमची सवयच अशी की जे उघडता येतं ते आधी उघडायचं. अपघाताच्या आदल्या दिवशी रविवार होता, मॅगझीन बंद. कोनादू चर्चला गेली आणि मी घरच्या ओट्यावर डबा उघडला. उघडण्याआधी त्यातली सगळी नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली, ते मी नेहमी करतो. मग भिंगातून बघितलं. वीज आत येते त्या पिनेभोवती केसाएवढी चीर होती. तापलं की चीर उघडणार, थंड झालं की मिटणार. मी तिथे नवं सोल्डर मारलं आणि डबा सिलिकॉनने बंद केला.

यानंतर माझं एक काम असतं. दुरुस्त केलेला डबा मी शेडच्या पत्र्यावर भर दुपारी दोन तास ठेवतो. हात लावून पाचपर्यंत मोजवत नाही इतका तापला की खाली आणून गाडीला लावतो. तरी चालला, तर तो बरा झाला. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मीच ठरवलं. मॅगझीनमध्ये लोक याची चेष्टा करतात. "आदाई मेंदू वाळत घालतो," म्हणतात.

त्या रविवारी उत्तरेकडचा धुळीचा वारा सुटला होता. सूर्य दिसत होता, पण नाण्यासारखा फिका. घरच्या छपराचा पत्रा कोमटही झाला नाही. कोनादूच्या बहिणीच्या सलूनमधलं केस वाळवायचं यंत्र आणावं म्हटलं, तर लाइट गेलेली. मी डबा तसाच बसवला, अर्धा तास इंजिन चालवलं आणि बॉनेट बंद केलं.

अट्टा जिवंत असल्याचं समाधान कोनादूच्या माहेरच्यांना नव्हतं. पोलिसांनी गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली आणि सार्जंटने चावी फिरवली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. अट्टा सांगत होता की उतारावर इंजिन आपोआप मेलं, मी क्लच दाबून परत चावी मारली तेवढ्यात स्टीअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. पण गाडी तर समोर छान चालत होती. त्यात अट्टा कंबरदुखीसाठी रोज सकाळी कडू काढा घ्यायचा, तो दारूतच भिजवलेला असतो. गटारातून त्याला काढणाऱ्यांना तो वास आला होता. मग काय राहिलं? दारुड्याने झोपेत गाडी घातली, एवढंच.

अट्टाला कोठडीत ठेवलं. कोनादूचे मामा ओबेंग घराण्याचे प्रमुख. त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या सोमवारी, मयताला आठवडा झाल्यावर भरते त्या बैठकीत, घराणं आपलं म्हणणं ठरवेल आणि तेच पोलिसांना कळवेल. घराण्याने अट्टाला दोषी म्हटलं असतं, तर त्या चौकीत त्याच्यासाठी बोलायला कोणी उरलं नसतं. त्याला माणसं नाहीत. बायको आधीच सोडून गेली आहे.

गुरुवारी मी माम्पाँगला गेलो. कोठडीच्या गजांमागे अट्टा भिंतीला टेकून बसला होता. हात गळ्यात अडकवलेला. मला बघून उठला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मास्टर, माफ करा. मी तिला आणू शकलो नाही."

"बस," मी म्हणालो. "काढा घेतला होतास?"

"रोजच्यासारखा. झाकणभर. तुम्हाला माहीत आहे."

"इंजिन कसं मेलं?"

"लाइट विझते तसं. धक्का नाही, आवाज नाही. तिसऱ्या वळणाच्या आधी." तो मग गजांजवळ आला आणि आवाज खाली आणला. "मी त्यांना एवढंच सांगितलंय, इंजिन बंद पडलं. सार्जंटने विचारलं, गाडीचं काम कोण करतं. मी म्हणालो, मॅडम बघायच्या, मला माहीत नाही."

"का?" मी विचारलं.

"तुमच्या घरात आधीच एक मयत आहे," तो म्हणाला. "माझ्या तोंडून तुमचं नाव कशाला?"

परतीच्या वाटेवर मी ठरवलं की गाडी तपासायची. खरं सांगायचं तर ते अट्टासाठी ठरवलं की माझ्यासाठी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डबा तापूनही चालला असता, तर अट्टा खोटा ठरला असता आणि मी सुटलो असतो. ही गोष्ट मला गाडीत बसल्या बसल्या कळली आणि ती कळल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शुक्रवारी अफ्राकोमाने फळीवरचा मेंदू काढून दिला.

"हा एका जर्मन म्हाताऱ्याच्या गाडीतला," ती म्हणाली. "म्हातारा फक्त चर्चला जायचा."

"तू प्रत्येक डब्याला हेच सांगतेस."

"म्हातारे पुष्कळ होते." तिने फडक्याने डबा पुसला. मग मला देताना सोडला नाही. "आदाई, त्या दिवशी तू इंजिनाचं विचारलंस. मी तेव्हापासून झोपले नाही. तुला जे सापडेल असं वाटतंय ते सापडलं तर काय करशील?"

"सापडू दे आधी."

"हे उत्तर नाही," ती म्हणाली, आणि डबा सोडला.

मी लॅपटॉपवरची जुनी नोंद नव्या डब्यात उतरवली. दुपार त्यातच गेली. रविवारी मला हाच अर्धा दिवस जास्त वाटला होता.

शनिवारी दहा वाजता मी ठाण्याच्या आवारात होतो. सार्जंट डार्कवा शांत माणूस. त्याने बाक ओढून घेतला, मांडीवर तपासणीचा कागद ठेवला आणि म्हणाला, "काही न्यायचं नाही. काही लपवायचं नाही. जे कराल ते माझ्यासमोर करा."

गाडीची उजवी बाजू आत गेली होती. त्या बाजूला मी गेलो नाही. बॉनेट उघडलं, चावी मारली. पहिल्या चावीला सुरू.

"पाचवी वेळ," सार्जंट म्हणाला. "मी मोजतोय."

मी मेंदू सोडवून बाहेर काढला. ऊन होतं, पण आवारात पत्र्याचं छप्पर नव्हतं आणि मला दोन तास थांबायचं नव्हतं. फाटकाशी एक बाई केंके, म्हणजे पानात बांधलेले मक्याचे गोळे, आणि तळलेले मासे विकत होती. तिच्यासमोर कोळशाची शेगडी.

"आई, शेगडी अर्धा तास देता का?"

"कशाला?"

"गाडीचा मेंदू भाजायचाय."

"आणि खाणार कोण?" ती म्हणाली. "सार्जंटला द्या. त्यांना गरज आहे."

सार्जंट हसला. बाईने तेल उतरवून ठेवलं आणि शेगडी माझ्याकडे सरकवली. मी तिच्यावर एक जुना पत्रा ठेवला, पत्र्यावर डबा ठेवला आणि हात लावून मोजायला लागलो. एक, दोन, तीन. आमच्या घरीही शेगडी आहे. रविवारी मी ओट्यावर बसून सूर्याची वाट बघत होतो, तेव्हा ती आत पेटलेली होती. तिच्यावर ताडफळांचं सूप उकळत होतं. मला ती दिसली नाही, असं म्हणता येणार नाही. मी दोनदा आत जाऊन सूप हलवून आलो होतो.

पाचपर्यंत मोजवेना तेव्हा डबा गाडीला लावला. चावी मारली. सुरू झाली. सार्जंटने घड्याळ बघितलं. पाच मिनिटं. दहा. इंजिन एकसारखं चालत होतं. पंधरा मिनिटांनी सार्जंट म्हणाला, "फिटर, गाडी बरी आहे."

मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. इथे थांबता आलं असतं. डबा तापवला, सगळ्यांसमोर तापवला, आणि तो चालला. कोणी म्हणालं नसतं की आदाईने नीट तपासलं नाही. पंधरा मिनिटांच्या त्या आवाजात मी घरी जाऊ शकलो असतो. आणि अट्टा तिथेच आत, भिंतीपलीकडे, तोच आवाज ऐकत असणार. तो नऊ वर्षं त्या इंजिनाचा आवाज ऐकत आला आहे.

"घाटात माल भरलेला होता," मी म्हणालो. "इंजिन याहून जास्त तापतं. एक पोतं मिळेल का?"

केंकेवालीने मक्याचं रिकामं पोतं दिलं. मी ते रेडिएटरसमोर लावलं, वारा बंद केला, बॉनेट अर्धवट पाडलं आणि लॅपटॉपला जोडलेला स्कॅनर सार्जंटच्या मांडीवर ठेवला. "हे आकडे हलत आहेत तोवर मेंदू जागा आहे," मी म्हणालो. "ते थांबले तर मला सांगा."

आठ मिनिटं गेली. काटा वर चढत होता. नऊ.

"थांबले," सार्जंट म्हणाला.

तो हे म्हणेपर्यंत इंजिन मेलं होतं. लाइट विझते तसं. धक्का नाही, आवाज नाही.

मी चावी मारली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. स्कॅनर म्हणत होता, समोर कोणी नाही. पोतं काढलं, बॉनेट पूर्ण उघडलं आणि आम्ही बसून राहिलो. केंकेवालीने न विचारता दोन पेले पाणी आणून ठेवलं. मी प्यालो नाही. वीस मिनिटांनी चावी मारली. पहिल्या चावीला सुरू.

सार्जंट बाकावरून उठला. "परत करा," तो म्हणाला. "तसंच सगळं."

परत केलं. दहाव्या मिनिटाला मेलं.

मग मी अफ्राकोमाचा डबा बसवला. तेच पोतं, तीच गरमी. सार्जंट आता बाकावर बसलाच नाही. चाळीस मिनिटं इंजिन चाललं. काटा लाल रेषेला टेकला तेव्हा मीच बंद केलं, नाहीतर हेड गेलं असतं.

"म्हणजे हा खरं बोलत होता," सार्जंट कोठडीच्या भिंतीकडे बघून म्हणाला.

"हो."

त्याने लिहायला घेतलं. मी जुना डबा गुडघ्यावर घेऊन उघडला आणि भिंग लावलं. मला वाटत होतं चीर दुसऱ्या कुठल्या पिनेला असेल, मी न बघितलेल्या. तसं नव्हतं. चीर माझ्याच सोल्डरमध्ये होती. वरून चकचकीत, आत कच्चं. वारा सुटलेला असताना उघड्या ओट्यावर सोल्डर लवकर थिजतं, धरत नाही. हे मी दुसऱ्यांना सांगतो.

"डबा आधी उघडलेला दिसतोय," सार्जंट म्हणाला. त्याचं बोट सिलिकॉनवर होतं.

"हो."

"शेवटची दुरुस्ती कोणी केली, ही ओळ भरायची आहे. कोणी केली?"

मी म्हणालो, "मॅगझीनमध्ये."

त्याने 'मॅगझीन' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मॅगझीनमध्ये हजारो फिटर आहेत. "आठवलं की नाव सांगा," तो म्हणाला. "तोवर कागद पुरा होत नाही."

सोमवारी आठवड्याची बैठक कोनादूच्या माहेरी, ताफोला होती. अंगणात मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळे काळ्या-लाल कपड्यांत. एका बाजूला तिचं घराणं, समोर आमचं. पाणी फिरलं. मग मामा ओबेंगनी आमचा निरोप विचारला.

अशा बैठकीत माणूस समोरच्याशी थेट बोलत नाही. तो आपल्या दूताला सांगतो आणि दूत ते सगळ्यांना सांगतो. आमचे दूत डोंकोर आजोबा, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"मामांना सांगा, अट्टा प्यायला नव्हता. गाडीचा मेंदू तापला की मरत होता, सार्जंटने डोळ्यांनी बघितलंय. तो मेंदू मी रविवारी दुरुस्त केला होता. माझं काम कच्चं होतं. पत्र्यावर ठेवून बघायचं ते मी बघितलं नाही. कोनादूने मला विचारलं होतं, पत्र्यावर ठेवलास का. मी म्हणालो, ऊन नाही. ती म्हणाली, मग उद्या गाडी नको नेऊ? मी म्हणालो, जा, काही होत नाही."

हे शेवटचं मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. ती चर्चहून आली होती, कपडेही बदलले नव्हते. मी काही होत नाही म्हटल्यावर ती हसून म्हणाली होती, "बघ हं मास्टर. तुझा मेंदू तपासायला मॅगझीनमध्ये कोणी नाही." आणि आत सूप बघायला गेली.

डोंकोर आजोबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग आवाज चढवून म्हणाले, "ओबेंग, आणि घरातले सगळे, ऐका. आदाई म्हणतो, चालकाचा दोष नाही. त्याने स्वतः जाऊन तपासलं, पोलिसांसमोर तपासलं. गाडीचं यंत्र वाटेत थांबलं. यंत्र आहे, कधी थांबतं. चालकाने करायचं ते केलं. एवढा आमचा निरोप."

"आजोबा," मी हळूच म्हणालो, "सगळं सांगितलं नाहीत."

"जे न्यायचं होतं ते नेलं."

"मी म्हणालो ते—"

"आदाई, गप्प बस."

मी उभा राहिलो. समोर कोनादूची बहीण होती, सलूनवाली, ती माझ्याकडेच बघत होती. मी दूताला मधे न घेता म्हणालो, "मामा, तो डबा मी दुरुस्त केला होता. माझ्या हाताने. ती माझ्या शब्दावर गाडीत बसली."

मामा ओबेंगनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डोंकोर आजोबांशी बोलले.

"डोंकोर, तुमच्या माणसाला बसायला सांगा. दुःखात आहे. जे दूताच्या तोंडून आलं नाही, ते या अंगणात आलेलं नाही. आम्ही ऐकलं ते असं की यंत्र थांबलं. आमचं घराणं अट्टाला दोष देत नाही. त्याला सोडवून आणा. पुरण्याचा दिवस तिसऱ्या शनिवारी. शवपेटी नवऱ्याने आणायची."

मला कोणीतरी खांद्याला धरून बसवलं.

निघताना फाटकाशी मामांनी माझा हात धरला. म्हातारा हात, पण घट्ट. "मी बहिरा नाही, आदाई," ते म्हणाले. "पण मी ते ऐकलं असतं तर मला त्याचं काहीतरी करावं लागलं असतं. आज. सगळ्यांसमोर. मग तुझ्याकडून पेटी घेता आली नसती. तिला काय चटईत पुरायची होती?"

"मग मी कोणाला सांगू?"

"मला नको," ते म्हणाले. हात सोडला आणि आत गेले.

मंगळवारी अट्टाला सोडलं. मी न्यायला गेलो होतो. तो बाहेर आला, टोपी घातली, आवारातल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या हाताने बॉनेटवर थोपटलं.

"शनिवारी ऐकलं मी," तो म्हणाला. "पहिल्यांदा मेली नाही तेव्हा म्हटलं, झालं, आता मास्टर जाणार. मग पोत्याचं ऐकलं."

"लायसन्स दिलं का?"

"नाही. कागद पुरा झाल्यावर देणार म्हणे. कागदाला अजून काय हवंय?"

"एक नाव," मी म्हणालो.

अट्टाने मान हलवली. फाटकाशी केंकेवाली ओरडली, "अरे, शेगडी परत हवी असेल तर आत्ताच सांग, कोळसा संपतोय!" आम्ही तिच्याकडून दोन केंके घेतले आणि रस्त्याकडेला बसून खाल्ले. अट्टाला एका हाताने पान सोडवता येईना. मी सोडवून दिलं.

"घाई नाही, मास्टर," तो खाता खाता म्हणाला. "हात जुळेपर्यंत तसंही चालवता येणार नाही. डॉक्टर सहा आठवडे म्हणालाय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर चालवावं लागेल," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

पेटी मी सांगितली आहे. साधी, तिला नक्षी आवडायची नाही. जुना मेंदू सार्जंटने मंगळवारी मला परत दिला, तो माझ्या शेडच्या पत्र्यावर आहे. गेले चार दिवस चांगलं ऊन पडतंय आणि तो रोज दुपारी हात लावू नये इतका तापतो. माम्पाँगला जायला दीड तास लागतो. मी अजून गेलेलो नाही. सार्जंटच्या कागदावर 'मॅगझीन' लिहिलंय, तिथे माझं नाव घालायचं राहिलं आहे.